निजेपुरता उजेड

"पांढरी लावू का पिवळी?" शिडीवर उभ्या वायरमननं विचारलं. त्याच्या एका हातात दोन एलईडी पट्ट्यांची टोकं होती, दुसऱ्या हातात टेस्टर. माझा मामेभाऊ लगेच म्हणाला, "पांढरी. खोली कशी लख्ख दिसली पाहिजे." त्याच्या बायकोनं मोबाइलमधला फोटो पुढे केला. त्यात सगळं छत सोनेरी उजळलेलं होतं, म्हणून तिला पिवळी हवी होती. जिच्यासाठी ही खोली चालली होती ती मामी उंबऱ्यात भिंतीला धरून उभी होती. वायरमननं दोन्ही पट्ट्या एकदमच लावून दाखवल्या तशी तिनं डोळ्यांवर हात धरला. "कशाला येवढा उजेड? मी काय हितं गहू निवडायलेय का?"

त्या दिवसापासून मी जालन्यात आणि आसपासच्या गावांत निजायच्या खोल्या बघत हिंडते आहे. प्लायवूडची दुकानं, लाकडाच्या वखारी, दिव्यांची शोरूम्स, अर्धवट बांधलेली घरं. जिथे गेले तिथे खोली कशी दिसेल यावर तासन्‌तास बोलणं झालं. तिथे झोप कशी लागेल, हे मात्र फार थोड्यांनी काढलं.

मामेभावाचं घर अंबड चौफुलीच्या पुढे आहे. खोली वरच्या मजल्यावर, अकरा बाय बाराची. पश्चिमेची भिंत उघडी आणि डोक्यावर थेट स्लॅब. खाली पोर्चमध्ये बारदानात गुंडाळलेली एक तुळई पडलेली होती. अंबड तालुक्यातलं मामाचं माळवद गेल्या उन्हाळ्यात उतरवलं, तेव्हा जुन्या लाकडाचा व्यापारी ट्रक घेऊन आला आणि खांब, सर, चौकटी सगळं मोजून घेऊन गेला. ही एक तुळई मामीनं दिली नाही. सून म्हणून ती त्या घरात आली तेव्हापासून ही तिच्या डोक्यावर होती.

माळवदाचं घर खणांत मोजायचं. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर फळ्या नाहीतर काटक्यांची दाट बिछायत आणि त्यावर दीड ते अडीच फूट पांढरी माती. दगडमातीच्या भिंती दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत जाड. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण त्या मातीखाली दुपारी सुखानं डोळा लागायचा. आत उजेड यायचा तो दोन वाटांनी. दिवसा छतातल्या साण्यातून एक कवडसा उतरायचा आणि सारवलेल्या जमिनीवरून सरकत जायचा. रात्री भिंतीतल्या देवळीत चिमणी असायची. देवळी वीतभर खोल, छातीच्या उंचीला. शेजारी अंथरुणावर पडलेल्याला ज्योत दिसायची नाही. काजळीनं काळी झालेली कमान आणि समोरच्या भिंतीवर पसरलेला तांबूस उजेड तेवढा दिसायचा. आजच्या डिझायनरच्या भाषेत याला 'इनडायरेक्ट लाइट' म्हणतात. आमच्याकडे तो गवंडी भिंत चढवतानाच ठेवून द्यायचा.

निजायची म्हणून वेगळी खोली मात्र त्या घरात नव्हती. म्हातारी माणसं ओसरीवर, बायका-पोरं माजघरात, उन्हाळ्यात सगळे माळवदावर. नव्या जोडप्याला धान्याच्या खोलीत कोपरा मिळायचा, तोही पाहुणे नसले तर. सगळ्या घराला ठाऊक असायचं कोण कुठे निजलंय. मामीनं आयुष्यभर चार माणसांच्या श्वासात झोप घेतली आणि आता वयाच्या पंचाहत्तरीला तिला पहिल्यांदा दाराला कडी असलेली खोली मिळत होती.

माळवदं गेली ती नुसत्या हौसेपायी गेली नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बुडवून लोक नुकतेच झोपले होते. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत हजारो माणसं गेली, बरीचशी अंथरुणातच. सैल दगडांच्या भिंती ढासळल्या आणि वरच्या मातीचं ओझं खाली आलं. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा नीट सांधलेला होता, तिथे भिंती बाहेरच्या बाजूला पडूनही छत तोललेलं राहिल्याची उदाहरणं नंतर पाहणी करणाऱ्या इंजिनियरांना दिसली. पण भ्यालेल्या माणसाला असला हिशेब कोण सांगणार? सगळ्या मराठवाड्यात महिना-महिना लोक अंगणात निजले, आणि पुढे हातात पैसा आला तसा प्रत्येकानं स्लॅब टाकला. त्याला लागणारी सळई तर जालन्यातच होते. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या भंगार वितळवून सळ्या ओढतात.

स्लॅब मजबूत आहे, पण तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री बारापर्यंत ते खाली ओकत राहतो. म्हणून आमच्याकडच्या निजायच्या खोलीची खरी सजावट म्हणजे खिडकीतला कूलर. कुठल्याही शोरूमच्या फोटोत तो नसतो. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटचं चित्र जसंच्या तसं जालन्यात आणलं की पहिला घोटाळा इथेच होतो, कारण कूलर चार महिने रोज रात्री खोलीत ओला वारा सोडतो आणि तो वारा सरळ कपाटावर जातो.

हे मी स्वतःच्या घरी भोगलं आहे. एका दुकानातून तयार कपाट घेतलं होतं, अक्रोडाच्या रंगाचं, दिसायला देखणं. दुसरा उन्हाळा संपेपर्यंत त्याची खालची कड पाण्यात भिजलेल्या बिस्किटासारखी फुगली. टेपपट्टी सुटली, आतून भुसा सांडायला लागला. लाकूड म्हणून जे विकलं ते भुशाचं दाबलेलं बोर्ड होतं. दुकानदाराकडे गेले तर तो म्हणाला, पाणी लागलं असेल. पाणी कशाचं, वारा लागला होता.

तेव्हापासून मी लाकडाच्या नावाखाली काय विकलं जातं ते नीट बघायला शिकले. लॅमिनेट, ज्याला आपण सगळे सनमायका म्हणतो, ते कागदाचे थर राळेत भिजवून गरम दाबाखाली चिकटवून केलेलं असतं. वरचा कागद म्हणजे लाकडाचा छापलेला फोटो. १९१२ साली अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर यांनी विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला असा पदार्थ काढला. अभ्रक म्हणजे 'मायका', त्याच्याऐवजी म्हणून 'फॉर मायका', आणि त्याचंच झालं फॉर्मायका. आपल्या सनमायकाच्या नावात तो अभ्रक अजून टिकून आहे. छापील लाकूड ओळखायची खूण सोपी. भिंतीभर कपाट असेल तर एक गाठ धरा आणि नजर सरकवत जा. तीच गाठ पुढच्या पल्ल्यावर पुन्हा भेटते, साडीच्या काठावरच्या कोयरीसारखी.

व्हिनियर म्हणजे खरं लाकूड, पण कागदासारखं पातळ सोललेलं आणि प्लायवर डकवलेलं. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकाची पानं उघडावीत तसे शेजारी लावले की रेघा समोरासमोर उमलतात. ते दिसायला फार सुंदर, पण रोज ओल्या फडक्यानं पुसायचं ठिकाण नव्हे.

प्लायबद्दल मात्र आपल्याकडे उगीच गैरसमज आहे. "अस्सल सागवान सोडून प्लाय?" असं जुनी माणसं म्हणतात. पण लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, तेही रेघेच्या आडव्या दिशेनं. मराठवाड्यात मे महिन्यातली दुपार हाडं वाळवणारी आणि ऑगस्ट चिकट. म्हणून तर पावसाळ्यात दारं लागत नाहीत. दोन फूट रुंद सलग सागवानी पल्ला या ओढाताणीत तडकतो नाहीतर वाकतो. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांवर काटकोनात चिकटवलेले असतात, एक दुसऱ्याला हलू देत नाही. कपाटाच्या सांगाड्याला तेच योग्य. फक्त शीटवरचा शिक्का वाचावा. आयएस ३०३ म्हणजे साधारण घरगुती प्लाय, आयएस ७१० म्हणजे पाणी सोसणारा मरीन. कूलरसमोरच्या आणि बाथरूमच्या भिंतीला दुसराच घ्यावा आणि कपाट जमिनीला टेकवू नये. चार इंच ग्रॅनाइटच्या पट्टीवर उचलावं, म्हणजे फरशी पुसतानाचं पाणी आणि वाळवी दोन्ही जरा लांब राहतात. आपल्याकडे येणारा बराच प्लाय हरियाणातल्या यमुनानगरचा, तिकडच्या शेताच्या बांधावरच्या पॉप्लर आणि निलगिरीचा असतो.

मामीच्या खोलीचं काम राजस्थानी मिस्त्रीकडे होतं. हात अतिशय सफाईदार. त्याचा पहिला आराखडा असा होता की चारही भिंतींना कमरेइतकं लाकडी पॅनेल, पलंगामागे छतापर्यंत पट्ट्या, छताला लाकडी जाळी. मी त्याला विचारलं, या खोलीत मग उजेड किती लागेल? चुन्याची पांढरी भिंत अंगावर आलेल्या उजेडातला तीन-चतुर्थांशाहून जास्त परत देते. गडद सागवान पाव हिस्साही देत नाही, गिळून टाकतं. चारी भिंती लाकडाच्या केल्या की खोली गुहेसारखी होते, मग दिवे वाढवायचे, मग डोळ्यांना त्रास. माळवदाच्या घरात लाकूड वर आणि खांबांना होतं, भिंती पांढऱ्या. ते बरोबर होतं. मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तो फिर एकही दीवार. मगर वो दीवार असली."

म्हणून तुळई वखारीत नेली.

वखारवाल्यानं आधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवलं. जुन्या लाकडात खिळे असतात आणि एक खिळा करवतीचं पातं घेऊन जातो. सात खिळे निघाले, लोहारानं ठोकून केलेले, चौकोनी अंगाचे. वरून तुळई धुरानं डांबरासारखी काळी होती. पातं लागलं, सागातल्या बारीक वाळूसारख्या अंशामुळे ते मधूनच कुरकुरलं, आणि पहिली फळी बाजूला पडली. आतून मधाचा रंग. इतक्या वर्षांनी कापलेल्या त्या लाकडाला नव्या चामड्यासारखा वास येत होता. मामीनं फळीवर पालथा हात फिरवला आणि सगळे गप्प झाले. एका कडेला फिकट पट्टा होता, तिथे वाळवीनं नक्षी कोरल्यासारखं खाल्लं होतं. तो पट्टा बरोबर संपत होता तिथे गाभा सुरू होत होता. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, वाळवी त्याला तोंड लावत नाही. म्हणून साग घेताना रंग बघण्याआधी पांढरं किती निघतंय ते बघावं. आज बाजारात येणारा बराचसा साग घाना, इक्वेडोर, पनामा अशा देशांतल्या लागवडीचा, लवकर तोडलेला असतो, त्यात पांढरं जास्त. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा जुना साग वेगळाच. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून जे लाकूड वाजतगाजत गेलं ते तिकडचंच.

घरातल्या वस्तूवर जीव ओतायची या जिल्ह्याची रीत दोन हजार वर्षांची आहे, हे मला भोकरदननं शिकवलं. जुनं भोगवर्धन ते हेच. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवरच्या दानलेखांत इथल्या दात्यांचा उल्लेख येतो. १९७० च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, त्यात हस्तिदंतात कोरलेली एका स्त्रीची मोडकी मूर्ती सापडली. तिची जवळजवळ बहीण शोभावी अशी मूर्ती त्याआधी इटलीत पॉम्पेईला मिळाली होती, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या घरात. नेपल्सच्या संग्रहालयात ती आहे, वीतभराहून थोडी उंच. डोक्यातून खाली आरपार भोक पाडलेलं असल्यानं ती आरशाची मूठ असावी किंवा लहान मेजाचा पाय, असं अभ्यासक मानतात. पॉम्पेईची ती भोकरदनच्याच कारागिरांनी घडवली असावी, असंही काहींचं मत आहे. आरशाची मूठ, मेजाचा पाय. घरात रोज हाताळायच्या वस्तू.

तुळईच्या फळ्या निघाल्या तेव्हा एका फळीला मधोमध चौकोनी भोक होतं. खांबाच्या डोक्यावरचं कुसू तिथे बसत असे. मिस्त्रीला ते लिंपून टाकायचं होतं, लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरून. मामेभावाचंही तेच म्हणणं. "पाहुणे विचारतील, फाटकी फळी का लावली." मामी म्हणाली, "राहू दे. देवळी होईल तिची."

तीन दिवस कुणी त्या फळीला हात लावला नाही. मग सगळ्या आराखड्याचं केंद्र तेच भोक झालं.

उजेडाचं बोलणं मी मुद्दाम लाकडानंतर ठेवलं आहे, कारण लाकूड हातात आल्याशिवाय दिवा निवडताच येत नाही. दिव्यांच्या दुकानातून मी दोन बल्ब आणले, दोन्ही नऊ वॅटचे. एकावर ६५०० के लिहिलेलं, दुसऱ्यावर ३०००. हा आकडा उजेडाच्या रंगाचा, जितका मोठा तितका निळसर. संध्याकाळी तुळईची फळी उभी करून दोन्ही आळीपाळीनं लावले. पांढऱ्याखाली मधाचा रंग गेला, फळी पुठ्ठ्यासारखी राखाडी दिसायला लागली. पिवळ्याखाली रेघा पुन्हा तांबूस झाल्या, गाठीभोवतीची वळणं वर उचलून आली. फळी तीच होती. पॅकिंगवर सीआरआय म्हणून आणखी एक आकडा असतो. तो ९० च्या वर असला तर लाकडातला आणि माणसाच्या कातडीतला तांबडा रंग खरा दिसतो. हा आकडा कुणी विचारत नाही.

मग लोक पांढरा का मागतात? दुकानात उभी राहून मी हे ऐकलं आहे. चाळीस-साठ वॅटचा पिवळा गोळा म्हणजे गरिबीचा उजेड, लोडशेडिंगच्या काळातला. घरात ट्यूबलाइट आली तो दिवस लोकांच्या लक्षात आहे. त्या लख्ख पांढऱ्या उजेडात मुलं दहावी झाली, त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही. स्वयंपाकघरात, अभ्यासाच्या टेबलावर तो असावाच. पण निजायच्या खोलीत शरीराचं गणित वेगळं आहे. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी बघण्यासाठी नसतातच. दिवस आहे की रात्र एवढंच त्या मेंदूला कळवतात. त्या निळ्या उजेडाला सर्वांत जास्त जाग्या होतात, आणि त्या जाग्या असेपर्यंत झोपेचं संप्रेरक, मेलाटोनिन, मेंदू सोडत नाही. २००२ च्या सुमाराला त्यांचा नीट उलगडा झाला. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. पांढरा एलईडी त्या निळ्यातूनच होतो, आणि त्यानं गरिबाच्या घरचं वीजबिल उतरवलं. तोच रात्री अकरा वाजता डोक्यावर लख्ख पेटत ठेवला की मेंदूला दुपार वाटते.

मामीच्या खोलीत शेवटी मोठा दिवा एकच ठेवला, पलंगाच्या पायथ्याकडे, झाडलोटीपुरता. फॉल्स सीलिंग सगळीकडे केलं नाही. पश्चिमेच्या भिंतीला फक्त दीड फुटाची पट्टी आणि तिच्यात पिवळी एलईडी. पट्टीला वरून झाकण घातलं, कारण उघड्या खाचेत जालन्याची धूळ बसते, पाली वस्तीला येतात आणि दोन महिन्यांत उजेड मळतो. पलंगाखाली, जमिनीपासून अर्ध्या फुटावर, एक वॅटचा दिवा. पाय खाली टाकला की आपोआप लागतो, बाथरूमपर्यंतची वाट दिसते, डोळे दिपत नाहीत. म्हातारी माणसं रात्री पडतात ती बहुधा याच वाटेवर. हा दिवा आणि उशाजवळचा दिवा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घेतले आणि बटण झोपल्या झोपल्या हाताला येईल असं. लाकडाला चकचकीत पीयू न मारता लाखेचं पॉलिश केलं, कापडाच्या बोळ्यानं, पाच हात. चकचकीत पृष्ठभागात प्रत्येक दिव्याचा ठिपका दिसतो आणि झोपणाऱ्याच्या डोळ्यात येतो. कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावलं, मागे दोन इंच मोकळी जागा सोडून, म्हणजे उन्हाचा पहिला मार ते झेलेल. गच्चीवर चुन्याचा पांढरा लेप दिला. एवढ्यानं एसी लागणार नाही असं मी म्हणत नाही, पण रात्री भिंतीला हात लावला तर आता फरक कळतो.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो सगळ्यांकडे नाही. मामीकडे कामाला येणाऱ्या बाईंना गावाकडे घरकुल मंजूर झालं आहे. १ लाख २० हजारांचं अनुदान आणि किमान २५ चौरस मीटरचं घर. त्यांनी खोलीतला दिवा बघून मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, आमच्यात असं काही जमतंय का?" आम्ही दोघींनी फरशीवर खडूनं त्यांचं घर आखलं. निजायची जागा दहा बाय नऊ. मी सुचवलं की भिंत बांधतानाच गवंड्याला देवळी ठेवायला सांगा, त्यात खर्च शून्य. तिच्यात पाच वॅटचा पिवळा बल्ब, आणि आतून चुना. जुन्या घराच्या लिंबाच्या दाराची फळी रंधा मारून तिच्याखाली लावा; लिंबाला किडीचं भय कमी. त्या म्हणाल्या, गवंडी हसेल. पुढच्या आठवड्यात येऊन सांगितलं, हसला, पण ठेवली.

मामीची खोली दसऱ्याला तयार झाली. कुसूच्या भोकामागे दोन वॅटचा दिवा बसवला, समोर घासलेली दुधी काच, आणि फिरवायचं बटण, ज्यानं उजेड कमी-जास्त करता येतो. सगळे जमले होते. मामेभावानं दिवा लावला. तीन इंचांचा चौकोन तांबूस उजळला, भोवतीच्या लाकडावर छिन्नीचे जुने घाव एकेक दिसायला लागले, कुणी तरी, कधी तरी, हातानं मारलेले. मामी पलंगावर आडवी झाली. बराच वेळ ती त्या चौकोनाकडे बघत राहिली.

"आजून जरा कमी कर," ती म्हणाली.

त्यानं बटण फिरवलं.

"आजून."